घाण्यापासून रासायनिक कारखान्यापर्यंत : ठाणे-कल्याण परिसरातील तेल-तुपाचा इतिहास

प्रास्ताविक

तेल-तुपाचा इतिहास सामान्यतः व्यापाराचा अथवा जातिव्यवसायाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यांचे रसायन मात्र विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्रपणे शिकविले जाते. या दोहोंचा एकत्र विचार केल्यास ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील एक महत्त्वाचे स्थित्यंतर स्पष्ट होते. तेल व तूप हे दोन्ही मुख्यतः एस्टर वर्गातील पदार्थ आहेत. ग्लिसरॉलच्या एका रेणूशी मेदाम्लांचे तीन रेणू जोडले जातात, पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात आणि ट्रायग्लिसराइड तयार होते. हा बंध कोणी जपला, कोणी तोडला व कोणी नव्याने जुळविला आणि त्याबरोबर शुद्धतेची हमी कोणाकडे गेली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

प्राचीन व्यापार : टिकणारा माल

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. तेथील व्यापारावर त्या काळी निर्बंध आल्याचेही त्यात नमूद आहे. याच ग्रंथानुसार पश्चिम किनाऱ्यावरील आरिआके प्रदेशातून तिळाचे तेल व लोणी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जात असे. ग्रंथातील मूळ शब्द ‘बुटीरॉन’ असला, तरी हा माल तूपच असावा, असे अभ्यासक मानतात. रसायनशास्त्र या मतास पुष्टी देते. लोण्यात पाण्याचा अंश असतो. त्यामुळे एस्टर बंधाचे जलविघटन होऊन ब्युटिरिक आम्ल सुटे होते व खवट वास येतो. लोणी कढविल्याने पाणी निघून जाते. तिळाच्या तेलातील सेसमिन, सेसमोलिन यांसारखे घटक ऑक्सिडीकरणास अटकाव करतात. लांबच्या सागरी प्रवासास हेच दोन स्निग्ध पदार्थ योग्य ठरावेत, हे स्वाभाविकच होते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने लोण्यातून मिळविलेल्या आम्लाचे ‘ब्युटिरिक’ हे नावही याच ‘बुटीरॉन’ शब्दापासून आले आहे.

तेल गाळणाऱ्यांची सामाजिक पत नाशिकच्या लेण्यांतून दिसते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील शिलालेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी ज्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, त्यांत ‘तिलपिषक’ म्हणजे तेल्यांची श्रेणी आहे. ज्यांच्याकडे धर्मादाय रक्कम विश्वासाने सोपविली जाई, त्यांत तेलीही होते, ही बाब लक्षणीय आहे.

शनवार तेली

कोकणातील बेने इस्रायल समाजाचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा होता. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून मराठी समाजाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त या समाजातील अनेक कुटुंबे मुंबई व ठाणे येथे आली. ठाण्यातील ‘शाअर हाशामाईम’ हे सभागृह १८७९ साली स्थापन झाले.

घाण्यात होणारी क्रिया रासायनिक नसून यांत्रिक आहे. दाबामुळे बियांतील तेल व पेंड वेगळी होतात. एस्टर बंध तसाच राहतो. तेल्याचे कौशल्य बियांची निवड, ओलावा व उष्णता सांभाळण्यात होते. तेलाची हमी तेल्याच्या ओळखीत होती. रॉकेलच्या प्रसारानंतर दिव्याच्या तेलाची मागणी घटली. रॉकेल हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यात एस्टर नाही, म्हणून त्याचा साबणही होत नाही.

बंध तोडणे आणि जुळविणे

शेव्हरलने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने स्निग्ध पदार्थांची रचना उलगडली. अल्कलीमुळे एस्टर बंध तुटून ग्लिसरॉल व मेदाम्लाचा क्षार, म्हणजेच साबण, मिळतो. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. मुंबईत गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास प्राणिज चरबी टाळून वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. त्यामागे स्वदेशीची व धार्मिक भावनेची जाणीव होती.

वनस्पती तुपाची प्रक्रिया याहून भिन्न आहे. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने मेदाम्लांच्या साखळीतील दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडला जातो; एस्टर बंध कायम राहतो. नॉर्मान याने १९०२ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. शिवडी येथे १९३२ साली हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना सुरू झाला, १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला आणि १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सची स्थापना झाली.

औद्योगिक वसाहतींच्या काळात तिसरी पायरी आली. १९७० साली सुरू झालेल्या फाईन ऑरगॅनिक या उद्योगाचे कारखाने डोंबिवली, बदलापूर व अंबरनाथ येथे उभे राहिले. तेथे वनस्पती तेलांपासून मिळणाऱ्या मेदाम्लांच्या आधारे अन्नप्रक्रिया व प्लॅस्टिक उद्योगांस लागणारी पूरक द्रव्ये तयार होतात. यातील अनेक द्रव्ये नव्याने घडविलेली एस्टरच आहेत.

तिळाची साक्ष

वनस्पती तूप दिसण्यास साजूक तुपासारखे असल्याने भेसळीचा प्रश्न उद्भवला. त्यावर वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे बंधनकारक करण्याचा उपाय योजण्यात आला. बॉडोइन कसोटीत फरफुराल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लामुळे सेसमोलिनपासून गुलाबी ते लाल रंग येतो. साजूक तुपात हा रंग आढळल्यास वनस्पतीची भेसळ उघड होते. हा रंग एस्टरमुळे येत नाही; तो तेलातील साबणीकरण न होणाऱ्या अल्पांशामुळे येतो. या कसोटीस मर्यादाही आहे. प्राणिज चरबी किंवा तीळविरहित तेलाची भेसळ तिच्यातून निसटते. आंशिक हायड्रोजनीकरणात निर्माण होणाऱ्या ट्रान्स मेदाम्लांचा धोका तर दीर्घकाळ दुर्लक्षितच राहिला. भारतात त्यांवर २ टक्क्यांची मर्यादा २०२२ साली लागू झाली.

समारोप

घाण्याने एस्टर जपला, साबणाने तो तोडला, वनस्पतीने त्याची साखळी बदलली आणि कारखान्याने तो नव्याने रचला. या प्रवासात उत्पादन वाढले. परंतु शुद्धतेची हमी ओळखीच्या तेल्याकडून प्रयोगशाळेकडे गेली. तेथेही साक्षीदार म्हणून तिळाचे तेलच उभे राहिले. तथापि कसोटी जे विचारते, त्याचेच उत्तर देते. कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ठरविण्याची जबाबदारी समाजाचीच राहते. रसायनशास्त्र आणि इतिहास यांचे अध्यापन परस्परांस जोडण्याची आवश्यकता येथेच स्पष्ट होते.