कोहळ्यापासून बाहुलीपर्यंत

वैद्यकी ही जितकी बुद्धीची विद्या आहे, तितकीच हाताची आहे. बुद्धीला ग्रंथ शिकवील. पण हाताने शिकावे कोठे आणि कोणाच्या अंगावर, हा प्रश्न वैद्यकीइतकाच जुना आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात त्याचे एक उत्तर आढळते. शास्त्र कितीही पढलेला शिष्य सरावावाचून कर्मास अयोग्यच, असे तेथे बजावले आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा. वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शिवण्याचा वस्त्रावर व मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्याचा माणसाच्या पुतळ्यावर. या यादीचा आम्ही अभिमान बाळगतो, पण तिच्यामागील दयाबुद्धी विसरतो. शिष्याची पहिली चूक कोहळ्याने सोसावी, रोग्याने नव्हे, हा तिचा खरा अर्थ.

अठराव्या शतकात फ्रान्समधील एका सुईणीने हीच वाट धरली. खेड्यापाड्यांत बाळंतपणात माता व अर्भके दगावत होती. १७५९ साली पंधराव्या लुई राजाने मादाम द्यू कूद्रे हिला राज्यभर फिरून सुइणी शिकविण्याची सनद दिली. शिकणाऱ्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. तिने कापड व चामडे यांचा स्त्रीचा कटिभाग आणि बाळाची बाहुली बनविली. पायाळू किंवा आडवे मूल कसे सोडवावे, हे बायका त्यावर पुनःपुन्हा करून पाहात. तिने ग्रंथही लिहिला, त्यात चित्रे घातली. परंतु ग्रंथ आणि हात यांची फारकत होऊ दिली नाही. अशा हजारो सुइणी तिने तयार केल्या. तिची एक बाहुली रूआं येथील संग्रहालयात आजही आहे.

पुढे १९६० साली नॉर्वेतील खेळणी बनविणाऱ्या लेर्डाल यांनी तोंडावाटे श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली काढली. आपल्याकडेही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळेला स्थान मिळाले. विद्यार्थ्याने आधी प्लॅस्टिकच्या दंडावर सुई टोचून पाहावी आणि त्यानंतरच रोग्याच्या खाटेशी जावे, असा हा क्रम आहे.

यावर कोणी म्हणेल, बाहुली कळवळत नाही, घाबरत नाही. खरे आहे. धीर देण्याची विद्या खाटेपाशी, गुरूच्या नजरेखालीच यावयाची. पण नवशिक्या हाताची पहिली थरथर आजवर बहुतेक गरिबानेच सोसली आहे. धर्मार्थ इस्पितळात पडलेल्याला नको म्हणण्याची सोय नसते. तेव्हा बाहुल्या विकत घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवणे हा केवळ पैशांचा अपव्यय नव्हे, रोग्यावरचा अन्याय होय. महाविद्यालयात बाहुली आहे काय, एवढेच विचारून नागरिकांनी थांबू नये. ती वापराने झिजली आहे काय, हेही विचारावे.