मेझाँ बाकारा

पॅरिसच्या सोळाव्या प्रभागातील प्लास देझेताझ्युनी या चौकातली 11 क्रमांकाची हवेली. बाकारा या फ्रेंच काचकारखान्याने 2003 मध्ये आपला रू द पाराडीवरील जुना पसारा हलवून मुख्यालय, दालन, संग्रहालय आणि उपाहारगृह येथे थाटले, तेव्हापासून ती या नावाने ओळखली जाते. वास्तूच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ‘बिशोफशाइम हवेली’ हे तिचे मूळ नाव आढळते. चौक पूर्वी प्लास द बिच म्हणून ओळखला जाई. अमेरिकेचे राजदूत तेथे राहू लागल्यावर 1881 मध्ये त्याचे नाव बदलले. मधल्या बागेत वॉशिंग्टन आणि लाफायेत यांचे ब्राँझचे शिल्प आहे. ते स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणाऱ्या बार्थोल्दीचे असून 1895 मध्ये बसवले गेले.

त्याच सुमारास एर्नेस्त साँसों या वास्तुकाराने फेर्दिनाँ बिशोफशाइम या बँकरसाठी हवेली पुरी केली. साँसोंची ख्याती अठराव्या शतकातील राजेशाही थाट नव्या पैसेवाल्यांना हुबेहूब उभारून देण्याची. रुंद जिना, नृत्यदालन, संगमरवर, सोनेरी वेलबुट्टी असे अपेक्षित ते सारे येथे होते. एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर ही नोंद दोन ओळींची झाली असती.

हवेलीला खरे महत्त्व आले ते बिशोफशाइमची नात मारी-लोर (1902–1970) हिच्यामुळे. आईकडून तिची वंशरेषा कुप्रसिद्ध लेखक मार्की द सादपर्यंत जात होती. आईची आई काउंटेस द शेव्हिन्ये ही कादंबरीकार प्रूस्तच्या डचेस द गेरमाँत या पात्रामागच्या स्त्रियांपैकी एक. 1923 मध्ये मारी-लोरचा विवाह व्हायकाउंट शार्ल द नोआय याच्याशी झाला आणि हे जोडपे पॅरिसमधील नव्या कलेचे सर्वांत धाडसी आश्रयदाते ठरले. आजोबांच्या काळातले वैभव भिंतींवर तसेच असताना त्यांनी दिवाणखाना सजावटकार जाँ-मिशेल फ्राँकच्या हवाली केला. त्याने भिंती चर्मपत्राच्या चौकोनांनी मढवल्या आणि सामान इतके कमी ठेवले, की जुन्या पाहुण्यांना खोली अर्धवट राहिली असे वाटावे. सादने 1785 मध्ये बास्तीयच्या तुरुंगात चिकटवलेल्या कागदांच्या लांबलचक गुंडाळीवर लिहिलेली कादंबरी शार्लने 1929 मध्ये विकत घेतली. ही गुंडाळी 1982 मध्ये कुटुंबाच्या हातून गेली आणि बऱ्याच कज्जेदलालीनंतर 2021 मध्ये फ्रेंच सरकारच्या मालकीची झाली.

सर्वांत मोठे वादळ उठले ते ‘लाज दोर’ या चित्रपटावरून. लुइस बुन्युएलच्या या बोलपटाचा सगळा खर्च नोआय दांपत्याने उचलला होता, आणि 1930 च्या उन्हाळ्यात तो निमंत्रितांना याच घरात दाखवला गेला. 3 डिसेंबरला तो दाखवणाऱ्या ‘स्तुदियो 28’ या चित्रपटगृहावर अतिउजव्या संघटनांनी हल्ला चढवला, पडद्यावर शाई फेकली, बाहेर मांडलेली दाली, मिरो, एर्न्स्ट यांची चित्रे फाडली. आठवडाभरात पोलीसप्रमुखाने चित्रपटावर बंदी घातली. शार्लला उमरावी वर्तुळात तोंड दाखवणे अवघड झाले. कॉक्तोच्या ‘एका कवीचे रक्त’ या चित्रपटालाही पैसा त्यांचाच होता, त्याचे प्रदर्शन या गोंधळात 1932 पर्यंत रखडले.

बाकाराची कुळकथा वेगळी. लोरेन प्रांतातील त्याच नावाच्या गावी, पंधराव्या लुईच्या परवानगीने, मेत्सच्या बिशपने 1764 मध्ये काचकारखाना काढला. लाकूड मुबलक होते, त्याला गिऱ्हाईक हवे होते. शिसेयुक्त क्रिस्टलकडे कारखाना वळला तो 1816 मध्ये मालक बदलल्यावर. शिशाच्या ऑक्साइडमुळे काच जड होते, प्रकाश अधिक मोडते आणि पैलू पाडण्याइतकी मऊ राहते. लाल काचेसाठी रसात सोने मिसळावे लागते. कंपनीच्या प्रत्येक झुंबरात एक लाल अष्टकोनी लोलक लटकवलेला असतो, तीच तिची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियाच्या झारप्रमाणे भारतीय संस्थानिकही तिचे गिऱ्हाईक होते.

बाकारासाठी हवेलीचे रूपांतर डिझायनर फिलिप स्तार्कने केले. पाण्याच्या टाकीत बुडवलेले पेटते झुंबर, राक्षसी आकाराची खुर्ची अशा गमती त्याने पेरल्या. त्या पाहताना मजा येई. दुसऱ्यांदा पाहाव्याशा वाटतीलच असे नव्हते. जेवणाच्या ‘क्रिस्टल रूम’मध्ये मात्र त्याने शहाणपणा दाखवला. मारी-लोरच्या जुन्या भोजनदालनातील भिंतींचे काही भाग गिलावा न करता उघड्या विटांचे ठेवले. संगमरवर आणि सोनेरी चौकटींशेजारची ती खडबडीत वीट साऱ्या झगमगाटाला आवर घाली. एका दालनाचे घुमटाकार छत चित्रकार जेरार गारूस्तने रंगवले. संग्रहालयात जागतिक प्रदर्शनांसाठी आणि राजघराण्यांसाठी घडवलेल्या वस्तू मांडल्या होत्या. पण संग्रहालय कुठे संपते आणि दुकान कुठे सुरू होते, हे प्रेक्षकाला सहसा कळू नये, अशीच ती मांडणी होती.

स्तार्कची सजावटही पुढे जुनी झाली. वास्तूचे पुन्हा नूतनीकरण होऊन 2024 मध्ये शेफ आलँ द्युकास याचे उपाहारगृह आणि मद्यालय येथे सुरू झाले. ब्वासिएर आणि इयेना ही मेट्रो स्थानके पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.