पनवेलचा ल

ब्राउझरमध्ये 'पनवेल' हा शब्द दिसला की शेवटच्या ल कडे नीट बघा. आपण पाटीवर गिरवला तो दोन पाकळ्यांचा ल आहे, की उजवीकडे सरळ दांडी असलेला, हिंदीच्या पुस्तकातला? आमच्या पनवेलच्या बाजारात फिरलात तर दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही सापडतील. पाटी रंगवणाऱ्याचं ठीक आहे हो, पण वेबपेजवर हा ल कोण ठरवतं? तर सीएसएस आणि फॉन्ट. त्यामागे पंचवीसेक वर्षांची गंमत आहे.

मे १९९८ मध्ये सीएसएस-२ आलं. त्यात 'फॉन्ट-फेस' नावाचा नियम होता: फॉन्ट वाचकाच्या मशीनवर नसला तरी पानासोबत पाठवा. इंग्रजीवाल्यांना त्याची फारशी निकड नव्हती, एरियल आणि टाइम्सवर भागत होतं. निकड होती ती आपल्याला! मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर ४ मध्ये (१९९७) ही सोय दिलीच होती, नेटस्केपची तऱ्हा वेगळी. मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स त्यावरच उभ्या राहिल्या. नाहीतर मग पानावर ती प्रसिद्ध ओळ असायचीच, 'अक्षरे दिसत नसल्यास फॉन्ट डाउनलोड करा'.

पण आत लबाडी होती. फाइलमध्ये मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असायची, आणि त्यावर फॉन्ट मराठीचा मुखवटा चढवायचा. क साठी कुठलं चिन्ह हे ज्याचं त्याचं वेगळं. त्यामुळे 'पनवेल' शोधलं की गूगलला काही सापडायचं नाही, आणि फायरफॉक्समध्ये तर नुसती खिचडीच दिसायची. मग लोक 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन टाकून ती युनिकोडमध्ये उलटवून वाचायचे. माझ्या मते त्या काळातल्या मराठी वेबचं खरं नुकसान इथे झालं. फॉन्ट हरवला की मजकूरही हरवला.

विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला. त्यामागे रा. कृ. जोशी हे आपलेच सुलेखनकार होते. युनिकोड रुळत गेलं, पण जिथे तिथे मंगल! तिकडे सीएसएस २.१ मधून फॉन्ट-फेस चक्क वगळला गेला. तो परतला सफारी ३.१ (२००८) आणि फायरफॉक्स ३.५ (२००९) मधून. यावेळी खाली खरा मराठी मजकूर होता आणि फॉन्ट फक्त कपडा. फरक केवढा! आज मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' किंवा 'बलू' दोन ओळींत लावता येतो.

आता ल. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांचा क्रमांक एकच. फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळं रूप असेल (नोटो सॅन्स देवनागरीत आहे) तर ते कधी वापरायचं, हे ब्राउझरला पानाच्या भाषेवरून कळतं. एचटीएमएलच्या 'लँग'मध्ये मराठीचा कोड, म्हणजे 'एमआर', लिहा, की ल पाकळीचा आणि श देठाचा होतो. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने हीच दोन रूपं वापरायला सांगितली आहेत. पण इंग्रजी टेम्प्लेट उचललं की 'लँग'मध्ये 'ईएन' तसंच राहतं, आणि क्लाएंटला मराठी साइट हिंदी ल सकट मिळते. तक्रार कुणी करत नाही, कारण चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही.

अशाच टेम्प्लेटमधून 'लेटर-स्पेसिंग'ही येतं. इंग्रजी मेनूला ते शोभतं, मराठीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात. देवनागरीसाठी ते सरळ शून्य करा. लाइन-हाइट थोडी वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत घुसतात.

आणि पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर परिच्छेद 'स्त्री' या शब्दाने सुरू करून बघा. युनिकोडच्या नियमांत असं जोडाक्षर अखंड धरायचं, हे सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी त्या नियमांच्या लेखी पहिलं अक्षर नुसतं 'स्' होतं.