पेन्शनचा हिशेब कोणी मांडला?



आपल्या घरात एखादे निवृत्त शिक्षक किंवा तलाठी असतील, तर दर महिन्याला बँकेत जमा होणाऱ्या त्यांच्या पेन्शनचे मोल तुम्हांला ठाऊक असेल. आजोबांची औषधे, घरातील किराणा, कधी नातवाची फीसुद्धा तीतूनच निघते. ही रक्कम कोण ठरवते, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, ‘सरकार’. पण सरकारच्या मागे हिशेब मांडणारे तज्ज्ञ असतात, आणि जमा होणाऱ्या पैशाकडे डोळे लावून बसलेले भांडवलही असते. हे तिघे एकत्र आले म्हणजे काय घडते, याचा बोलका इतिहास दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने लिहून ठेवला आहे. इतक्या दूरच्या देशाची कथा आपण का वाचावी, असे मनात आले तर थोडा धीर धरा. ती कथा फिरत फिरत आपल्या शाळेच्या शिक्षकखोलीपर्यंत येते.

जुन्या घराच्या भेगा

चिलीने 1924 साली कामगारांसाठी सामाजिक विम्याचा कायदा केला. लॅटिन अमेरिकेत या बाबतीत तो देश आघाडीवर होता. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून काल काम केलेल्यांना पेन्शन द्यायचे, ही त्यामागची साधी कल्पना. परंतु पुढील पन्नास वर्षांत एकेका पेशाने आपापला वेगळा निधी मागून घेतला. निधींची संख्या तीसच्या वर गेली आणि प्रत्येकाचे नियम निराळे झाले. ज्याचे वजन मोठे, त्याची सवलत मोठी. काही नोकरदार ठरावीक वर्षे भरताच लवकर निवृत्त होत. अंगमेहनतीच्या कामगाराला मात्र 65 व्या वर्षापर्यंत राबावे लागे. त्यातून महागाई अशी की हाती आलेले पेन्शन वितळून जाई. 1960 च्या सुमारास होर्खे प्रात यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने हे सर्व दोष मांडले होते. पण मिळालेली सवलत सोडायला कोण तयार होणार? सुधारणा रेंगाळली.

म्हणजे तज्ज्ञांनी सांगितलेला रोग खरा होता, हे आपण आधीच मान्य करू. प्रश्न आहे तो औषधाचा, आणि ते औषध कसे पाजले गेले याचा.

शिकागोहून परतलेले तरुण

1956 साली सांतियागो येथील कॅथॉलिक विद्यापीठ आणि अमेरिकेतील शिकागो विद्यापीठ यांच्यात एक करार झाला. खर्च अमेरिकी सरकारच्या मदतखात्याने उचलला. पुढील काही वर्षांत सुमारे शंभर चिली तरुण शिकागोला जाऊन अर्थशास्त्र शिकले. आर्नल्ड हार्बर्गर आणि मिल्टन फ्रीडमन हे तेथील नामवंत अध्यापक. बाजाराला मोकळीक द्यावी, सरकारने मागे सरावे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. हे तरुण मायदेशी परतले, प्राध्यापक झाले. पण निवडणुकांतून आलेल्या सरकारांनी त्यांचे फारसे ऐकले नाही. लोकांनाही ते मत पटलेले नव्हते. 1970 साली तर समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष झाले.

11 सप्टेंबर 1973 रोजी सेनापती पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली. त्याआधीच या अर्थतज्ज्ञांनी एक जाडजूड आराखडा तयार करून ठेवला होता. त्याच्या जाडीमुळे त्याला ‘वीट’ असे नाव पडले. सामाजिक विम्याचा बदलही त्यात होता. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या तज्ज्ञांना एकाएकी असे सरकार मिळाले, ज्याला कोणाचीही संमती लागत नव्हती. संसद बंद, पक्षांवर बंदी, कामगार संघटना चिरडलेल्या. ज्यांच्या म्हातारपणाचा हा प्रश्न होता, त्यांना विचारण्याची सोयच उरली नाही.

1978 च्या अखेरीस होसे पिन्येरा हे हार्वर्डचे डॉक्टरेट मिळवलेले तरुण अर्थतज्ज्ञ श्रममंत्री झाले. त्यांनी घडवलेला वटहुकूम क्रमांक 3500 नोव्हेंबर 1980 मध्ये निघाला आणि 1 मे 1981 रोजी, म्हणजे कामगार दिनीच, अमलात आला. त्याची रचना अशी : प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून 10 टक्के रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यात जाईल. ते खाते खासगी कंपन्या सांभाळतील आणि त्याबद्दल वेगळी दलाली घेतील. म्हातारपणी जे साठेल, त्यातूनच पेन्शन. मालकाची वर्गणी बंद. जुन्या नोकरदारांना निवड करण्याची मुभा होती; 1983 पासून नव्याने नोकरीस लागणाऱ्यांना मात्र हीच पद्धत सक्तीची झाली.

एक अपवाद ठेवला गेला. लष्कर आणि पोलीस आपल्या जुन्याच व्यवस्थेत राहिले. वाचकहो, ज्या औषधाचे इतके गुणगान झाले, ते पाजणाऱ्याने स्वतः घेतले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

लाखो कामगारांची सक्तीची बचत दरमहा खासगी कंपन्यांकडे येऊ लागली. त्यांतील दोन सर्वांत मोठ्या कंपन्या देशातील बड्या उद्योगसमूहांच्या हाती होत्या. बँकाही त्याच समूहांच्या. 1982 साली अर्थव्यवस्था कोसळली. जानेवारी 1983 मध्ये सरकारला बुडत्या बँका ताब्यात घ्याव्या लागल्या, आणि त्यांच्यासोबत त्या दोन पेन्शन कंपन्याही. सरकारने मागे सरावे असे सांगणाऱ्या व्यवस्थेला दोन वर्षांतच सरकारचा आधार लागला. शिवाय तरुणांची वर्गणी आता नव्या खात्यांत जात असल्याने जुन्या पेन्शनरांचे पैसे सरकारला करातूनच द्यावे लागत होते.

या पद्धतीच्या जमेची बाजूही सांगितली पाहिजे. 1980 च्या दशकात या खात्यांवर महागाई वजा जाता भरघोस परतावा मिळाला. देशात दीर्घ मुदतीचे भांडवल उभे राहिले. जगभरचे तज्ज्ञ पाहायला येऊ लागले. 1994 साली जागतिक बँकेने वार्धक्याच्या प्रश्नावर गाजलेला अहवाल काढला आणि सक्तीच्या, खासगी व्यवस्थापनाखालील बचतीची शिफारस केली. पेरू, अर्जेंटिना, मेक्सिको, हंगेरी, पोलंड असे अनेक देश त्या वाटेने गेले.

खरी परीक्षा झाली ती खातेदार म्हातारे झाल्यावर. कागदावरील कामगार चाळीस वर्षे अखंड पगार घेत होता. प्रत्यक्षातला कामगार काही महिने कामावर, काही महिने घरी. सरासरी निम्म्याच महिन्यांची वर्गणी त्याच्या खात्यात पडली होती. स्वतःचा धंदा करणारे फेरीवाले, कारागीर बहुधा बाहेरच राहिले. मुलाबाळांसाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांची बचत तुटपुंजी; त्या निवृत्त होणार 60 व्या वर्षी, जगणार पुरुषांपेक्षा अधिक, म्हणून तीच रक्कम अधिक वर्षांत वाटली जाणार. हिशेबात बेरीज चुकली नव्हती; माणूस चुकीचा धरला होता.

2006 साली राष्ट्राध्यक्षा मिशेल बाशेलेत यांनी अर्थतज्ज्ञ मारियो मार्सेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. याही समितीत तज्ज्ञच होते. पण या वेळी कामगार संघटना, स्त्रिया, पेन्शनर यांची गाऱ्हाणी आधी ऐकली गेली. 2008 च्या कायद्याने गरीब वृद्धांना सरकारी खर्चाने मूळ पेन्शन मिळाले आणि मातांच्या हिशेबात प्रत्येक अपत्यामागे रक्कम जमा होऊ लागली. तरीही असंतोष शमला नाही. 2016 मध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. 2019 च्या उद्रेकातही पेन्शन हे मोठे गाऱ्हाणे होते. महामारीच्या काळात 2020-21 मध्ये लोकांना तीनदा आपल्या खात्यातून पैसे काढू दिले गेले. कित्येकांची खाती रिकामी झाली. 2022 साली बहुसंख्य वृद्धांना सरकारी हमीचे पेन्शन मिळाले. त्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा हे होसे पिन्येरा यांचेच बंधू! 2025 च्या कायद्याने मालकाची वर्गणी पुन्हा आली. खासगी कंपन्या राहिल्या. पण सारा भार एकट्या कामगाराच्या खात्यावर टाकण्याचे तत्त्व राहिले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अभ्यासानुसार या वाटेने गेलेल्या 30 देशांपैकी 18 देश पूर्णतः वा अंशतः माघारी फिरले होते.

आपल्या शिक्षकखोलीत

आता आपल्याकडे वळू. भारतात 1998 साली सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली गेली. तिचा अहवाल 2000 साली आला. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांना वर्गणीवर आधारलेली पेन्शन योजना लागू झाली. येथेही सैन्यदले वगळली गेली. महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून तोच मार्ग धरला, आणि अनुदानित शाळांतील शिक्षकही त्यात आले. चिलीपेक्षा आपली योजना वेगळी आहे, कारण येथे सरकारही वर्गणी भरते. पण अंतिम रकमेची हमी मात्र गेली. एकाच शाळेत, एकच विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांचे म्हातारपण केवळ नेमणुकीच्या तारखेमुळे निराळे झाले. मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, तो याच प्रश्नावर. त्यानंतर केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून हमीच्या पेन्शनचा पर्याय पुन्हा खुला केला.

मग आपण काय शिकायचे? तज्ज्ञ नकोत, असे म्हणणे वेडेपणाचे होईल. जुन्या व्यवस्थेवरचा बोजा खरा असतो, आणि तो मोजायला तज्ज्ञच लागतो. खासगी पैशालाही त्याची जागा आहे. पण कोणतीही योजना समोर आली की तीन प्रश्न विचारावेत : हिशेबात धरलेला माणूस आपल्यासारखा आहे का? तोटा झाला तर तो कोण सोसणार? आणि निर्णय घेणारे स्वतः त्या योजनेत आहेत का?

विद्यार्थीमित्रांनो, हे प्रश्न विचारायला आकडे वाचता आले पाहिजेत. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, विमागणित हे विषय ‘आपले नव्हेत’ म्हणून सोडू नका. यंत्रमागावर रोजंदारीने काम करणारे वडील आणि घरी शिवणकाम करणारी आई ज्याने जवळून पाहिली आहेत, तो मुलगा किंवा ती मुलगी उद्या अशा समितीवर बसली, तर निम्मेच महिने काम मिळणारा माणूस तिच्या हिशेबातून सुटणार नाही. पालकांनो, दहावीनंतर मुलीने गणित घेऊ का असे विचारले, तर या लेखाची आठवण ठेवा आणि तिला होकार द्या.