आष्टीची बातमी दाबली, मग काय झालं?

आष्टीकरांनो, आपल्या गावाच्या नावापुढं 'शहीद' काहून लागतं हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. झेंडा लावायला लोक पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, सहा जण शहीद झाले. चिडलेल्या जमावाच्या हातून ठाणेदारासह पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडं चिमूरही पेटलं. दर वर्षी आपण हुतात्मा स्मारकावर जातो, फुलं वाहतो.

पण या घटनेचा एक भाग आपण फारसा सांगत नाही. या दोन्ही गावांत काय झालं, ते देशाला कळू नये म्हणून सरकारनं काय काय केलं, अन् त्यातून सरकारच्याच पदरी काय पडलं? आज दर दोन महिन्यांनी कुठंतरी 'अफवा रोखण्यासाठी' नेट बंद होतं, तेव्हा मला हाच भाग आठवतो.

८ ऑगस्ट १९४२ लाच सरकारनं भारत संरक्षण नियमांखाली आदेश काढला. आंदोलनाची बातमी छापायची तर ती सरकारकडून आलेली असावी, मान्य वृत्तसंस्थेची असावी, नाहीतर नोंदणी झालेल्या वार्ताहराची असावी. कारण काय दिलं? अफवा पसरू नयेत, युद्धकाळ आहे, शांतता राहिली पाहिजे. ऐकायला बरं वाटतं. पण तेव्हा गावात लष्कर शिरलेलं, पुरुष तुरुंगात, घरात बाया अन् पोरं. चिमूरच्या बायांवर सैनिकांनी अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. डॉ. मुंजे आणि अनसूयाबाई काळे तिथं जाऊन बायांना भेटून आले. सरकारनं मात्र चौकशीच नाकारली. आरोप खोटे आहेत म्हणाले, विषय संपला.

विषय असा संपत नसतो. वर्तमानपत्रात छापता येईना, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चोरून चालवलेल्या काँग्रेस रेडिओनं आष्टी-चिमूरची बातमी हवेत सोडली. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते केंद्र पकडलं. पण त्याच्या आदल्याच दिवशी सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले होते. मागणी एकच : चिमूरच्या बायांच्या तक्रारींची चौकशी करा. सरकारनं काय करावं? त्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी घातली! आपल्याच वर्धा जिल्ह्यात एक माणूस अन्न सोडून बसलाय, अन् ते छापायचं नाही.

इथं सरकार फसलं. जे संपादक एरवी जपून चालायचे, तेही खवळले. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या हाकेवर वर्तमानपत्रांनी नव्या वर्षाची सरकारी किताबांची यादी छापली नाही आणि ६ जानेवारी १९४३ ला एक दिवस अंकच काढले नाहीत. १२ जानेवारीला, ६३ व्या दिवशी, उपोषण सुटलं आणि बातमीवरची बंदी उठली.

आता हिशोब करू. सरकारला अफवा थांबवायच्या होत्या. उलट झालं असं, की सरकार जे बोलेल त्याच्या उलटं खरं, असा लोकांनी धडाच घेतला. एखादा सरकारी खुलासा खरा असला, तरी त्यावर विश्वास ठेवायला कोणी उरलं नव्हतं. अन् सगळ्यात मोठं नुकसान त्या बायांचं झालं. खुली चौकशी झालीच नाही, त्यामुळं किती जणींवर काय गुदरलं याचा चौकशीतून ठरलेला आकडा आपल्याकडं आजही नाही. जो तो आपापल्या ऐकीव माहितीवर बोलतो.

कोणी म्हणेल, भाऊ, ते इंग्रजांचं राज्य होतं, आता आपलं आहे. अन् अफवेनं माणसं मरतात त्याचं काय? मरतात, हे मी मान्य करतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारे आलेत या व्हॉट्सॲपवरच्या अफवेनं भिक्षा मागायला आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना लोकांनी ठेचून मारलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीत त्रिपुरातल्या घटनांवरून मोर्चा निघाला, मग बंद, दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी झाली अन् नेटही गेलं. दंगा पेटवणाऱ्यावर गुन्हा नोंदवायलाच पाहिजे. त्याला कोणाची ना नाही.

पण दंगा पेटवणाऱ्याला पकडणं वेगळं आणि खरं-खोटं ठरवायचा ठेका स्वतःकडं घेणं वेगळं. नेट गेलं की खोटा मेसेज थांबतो, तशी खरी बातमीही थांबते. मग पानटपरीवर सुरू होतं : 'काहीतरी मोठं झालं असंल, त्याशिवाय बंद करत नाहीत.' म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की नेट बंद करायचं तर आदेश जाहीर करा, कारण सांगा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आपल्याच कारभाराबद्दलची माहिती खोटी की खरी हे आपल्याच तथ्य-तपासणी कक्षाकडून ठरवायचा नियम आणला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. ज्याच्यावर आरोप, त्यानंच निकाल द्यायचा, हे १९४२ साली चिमूरच्या बाबतीत झालं होतंच की.

माझ्या मते अफवेवर औषध एकच : लवकर, पूर्ण आणि तपासता येईल अशी माहिती. तहसीलदारानं, ठाणेदारानं तासाभरात लोकांसमोर येऊन सांगावं, काय झालं, काय अजून कळलेलं नाही, पुढची माहिती किती वाजता मिळेल. जो 'अजून कळलं नाही' म्हणतो, त्याच्या पुढच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

अन् एक काम आपलंही आहे. बेचाळीसच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी त्या लिहून काढा. लिहिताना आजीनं डोळ्यांनी पाहिलेलं काय अन् दुसऱ्याकडून ऐकलेलं काय, हे वेगवेगळं लिहा. इंग्रजांनी जी चौकशी होऊ दिली नाही, तिचा निदान आपल्या आष्टीपुरता एवढा तरी कागद राहू द्या.