शिकणाऱ्या मुलीच्या पाठीशी कोण?

गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला की आपण आधी विचारतो, पैसा कशाला हवा? शेळी घ्यायची आहे, शिलाई मशीन घ्यायचं आहे, दवाखान्याचं बिल भरायचं आहे, अशी उत्तरं येतात. ‘मुलीच्या बी.एस्सी.साठी’ हे उत्तर मात्र क्वचितच येतं. म्हणून आज आम्ही तुम्हाला विज्ञान शिकलेल्या दोन बायकांची आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या पैशाची गोष्ट सांगणार आहोत.

१८९२ साली उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी एक फंड सुरू केला. त्यातला पैसा दान म्हणून मिळत नव्हता, कर्ज म्हणून मिळत होता. शिकून कमवायला लागलं की तो परत करायचा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याची सोय होते. ओळखीचं वाटलं ना? आपला बचत गट तरी दुसरं काय करतो?

या फंडाचा लाभ ज्यांना सुरुवातीला मिळाला त्यांच्यात दोन बायका होत्या, दोघीही डॉक्टर. एक फ्रेनी कामा आणि दुसऱ्या आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बायका दुखणं अंगावर काढत, असा तो काळ. कृष्णाबाईंच्या आई रखमाबाई शिक्षिका होत्या, त्यामुळे शिक्षणाचं मोल घरातच कळलेलं होतं. कृष्णाबाई परदेशी शिकून आल्या आणि कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात बायकांवर उपचार करू लागल्या. एका मुलीच्या शिक्षणाला पैसा मिळाला आणि त्याचा उपयोग कितीतरी बाळंतिणींना झाला. हा फंड पुढेही चालत राहिला. कोल्हापुरातच जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, तेही याच शिष्यवृत्तीवर.

पण नुसत्या पैशाने सगळं भागतं का? कमला भागवत यांची गोष्ट ऐका. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. बंगळूरला जाऊन त्यांनी कारण विचारलं आणि हट्ट सोडला नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं. काम पसंत पडलं तरच पुढे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं. आणि आपल्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. अशा अटी तिथे कुणा मुलाला घातल्या नव्हत्या. या अपमानाची बोच त्यांनी म्हातारपणीही बोलून दाखवली. वर्षभर त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांचं समाधान झालं, आणि पुढे त्या संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. कमलाबाईंना मार्गदर्शक श्रीनिवासय्या चांगले लाभले. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांचा अभ्यास केला.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या श्वसनात भाग घेणारा सायटोक्रोम-सी नावाचा पदार्थ सापडला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारते, असं त्यात दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या त्या संचालकही झाल्या, पण तो मानही उशिराच मिळाला.

या दोघींच्या गोष्टींतून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. शिकायला पैसा हवा, शिकायला जागा हवी आणि शिकून झाल्यावर काम हवं. यातलं एकही नसेल तर हुशार मुलगीसुद्धा अडते. तिसरी गोष्ट सरकारच्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. लग्न, बाळंतपण यांमुळे संशोधन सुटलेल्या बायकांना परत कामावर आणण्यासाठी केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाची योजना आली ती २००२-०३ साली.

आज मुलींना नाही म्हणणारी पाटी कुठल्या कॉलेजवर नाही. पण गावात वेगळी अडचण आहे. प्रवेशाची फी आणि हॉस्टेलचे पैसे सुरुवातीलाच भरावे लागतात, आणि शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर येते ती बऱ्याच महिन्यांनी. मधले महिने निभावले नाहीत की घरचे म्हणतात, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष बहुतेक वेळा लग्नाचं निघतं.

हे मधले महिने सांभाळणं आपल्या गटाच्या हातात आहे. बारावी सायन्सला असलेल्या गावातल्या मुलींची नावं बैठकीच्या वहीत लिहा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं, हे सगळं निकाल लागण्याआधी तयार ठेवा. कुठली शिष्यवृत्ती लागू पडते आणि यंदाचे नियम काय, ते कॉलेजात जाऊन विचारा. आणि फीसाठी आईने गटाकडे कर्ज मागितलं, तर शेळीच्या कर्जाइतक्याच सहजपणे ते मंजूर करा. शिष्यवृत्ती जमा झाली की पैसा गटात परत येईल, आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या मुलीच्या कामी येईल.