मुंग्या येतायत का?

थायरॉईडचं ऑपरेशन करून आत्या मुंबईहून रामवाडीला परतली. दुसऱ्या संध्याकाळी तिच्या हातातला पेजेचा वाडगा निसटला. बोटं सरळच होईनात. अंगठा तळव्याशी दुमडलेला, चारही बोटं एकमेकांना चिकटून पुढे निमुळती झालेली. कासार बांगडी चढवताना हात आवळून धरतो ना, अगदी तसा हात. ओठांभोवती मुंग्या सकाळपासूनच येत होत्या, पण अशक्तपणा असेल म्हणून ती गप्प बसली होती. पेणच्या डॉक्टरांनी गळ्यावरचे टाके पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "मुंग्या येतायत का?" मग शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, घाई न करता, दहा मिनिटं घेऊन. आमच्या डोळ्यांदेखत बोटं उलगडली.

त्या तीन शब्दांचं कूळ मी तेव्हापासून शोधत आलो. त्याचा मूळपुरुष एक गेंडा आहे, तोही आपल्या देशातला, एकशिंगी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ साली आलेला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉईडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा दिसला. त्यांनी तशी नोंद केली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढे १८७७ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या गळ्यात तसाच गोळा सापडला. त्याने ५० मृतदेह तपासले. त्यांतल्या ४३ मध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रंथी निघाल्या. १८८० मध्ये त्याने त्यांना नाव देऊन निबंध छापला, आणि तोही पडून राहिला. १८८९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आत्याची बोटं सुटली त्यात या माणसाचा वाटा आहे, हे मला विसरता येत नाही.

कारण त्या काळात शल्यविशारद गलगंड काढत होते, पण त्यामागे काय दडलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. व्हिएन्नात बिलरोथ यांच्या रुग्णांना ऑपरेशननंतर आचके यायचे. बर्नमध्ये कोखर यांच्या रुग्णांना ते फारसे येत नसत. ते मात्र पुढे सुजून मंद व्हायचे. उलगडा नंतर अमेरिकेतल्या हॉल्स्टेड यांनी केला. कोखर यांचा हात सावकाश आणि नेमका, म्हणून थायरॉईड पूर्ण निघायची पण शेजारच्या ग्रंथी वाचायच्या. बिलरोथ यांचा हात वेगाचा. त्यात थायरॉईडचे तुकडे मागे राहायचे आणि या ग्रंथी निघून जायच्या. १८९१ मध्ये पॅरिसच्या ग्ले यांनी या ग्रंथींचं महत्त्व प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९०९ मध्ये बाल्टिमोरला मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी ग्रंथी काढलेल्या, आचके येणाऱ्या कुत्र्यांना कॅल्शियम दिलं आणि आचके थांबले. मुंग्या आणि कॅल्शियम यांची सोयरीक जुळली ती इथे.

मराठीत या परावटू ग्रंथी. अमरकोशात 'अवटु' म्हणजे मानेची मागची बाजू. परिभाषा घडताना तो शब्द गळ्याच्या पुढच्या बाजूला आला. ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या, एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. रंग चरबीसारखा, त्यामुळे चरबीत हरवतात. रक्तातलं कॅल्शियम डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात ठेवणं हे त्यांचं काम. कॅल्शियम कमी पडलं की त्यांचा स्राव हाडांतून ते सोडवतो, मूत्रपिंडाला अडवून धरायला लावतो आणि 'ड' जीवनसत्त्व कामाला लावतो. ऑपरेशनमध्ये त्या निघाल्या नाहीत तरी त्यांचा रक्तपुरवठा दुखावतो, त्या काही काळ गप्प होतात. कॅल्शियम उतरतं ते बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे नेमकं माणूस घरी पोचल्यावर. म्हणून हा प्रश्न वॉर्डात विचारून भागत नाही, तो सोबत घरी द्यावा लागतो. आम्हाला दिलेल्या कागदावर तो छापलेला होता. आम्ही वाचला नव्हता.

बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाग्या होतात. काहींना कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल जन्मभर घ्यावं लागतं. आत्या सकाळी अनशापोटी थायरॉक्सिन घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. घड्याळ बघून ती ओटीवरून उठायची. तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट तिने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलाय. त्यावर पेनाने गोल केलेला आकडा आहे, ८.९.